तीस वर्षांत एकच चूक

"ईथन," ललिताबाई आरशाकडे बघून म्हणाल्या. मग घसा साफ करून पुन्हा, जरा सावकाश, "ई-थन."

उंबऱ्यावर लसूण सोलत बसलेल्या शेजारच्या सरदारबींनी मान वर केली. "इथनं? इथनं कुठं जायचंय?"

"जायचं न्हाई कुठं. नाव हाय ते."

"कुणाचं?"

"आमच्या जोएलच्या पोराचं. उद्या बाप्तिस्मा हाय दौंडला."

सरदारबींनी हातातली पाकळी ताटलीत टाकली आणि थोडा विचार केला. "पोरगं येऊन चार म्हैने झाले न्हाईत, आन् त्येला इथनं म्हणायचं? आल्या पावण्याला कुणी इथनं म्हणतं व्हय?"

ललिताबाईंना हसू आलं. खरं तर गेला आठवडाभर त्यांनाही हीच भीती वाटत होती. नाव भाचसुनेनं, म्हणजे भाच्याच्या, जोएलच्या बायकोनं, मोनिकानं मोबाईलवर शोधून काढलं होतं. नाव शास्त्रातलंच होतं, पण इंग्रजी वळणाचं. आणि ललिताबाईंची जीभ होती एसटीची. शिरूर डेपोच्या चौकशीच्या खिडकीमागे त्यांनी तीस वर्षं काढली होती. त्या तीस वर्षांत 'इथून' हा शब्द त्यांच्या तोंडून किती वेळा गेला असेल, ते एक देव जाणे. इथून सुटणारी, इथून निघालेली, इथून पुढे जाणारी. आता त्याच जिभेनं उद्या सगळ्या मंडळीसमोर तसाच एक शब्द नाव म्हणून उच्चारायचा होता, आणि तो चुकून चालणार नव्हतं.

चुकणं हा ललिताबाईंचा स्वभावच नव्हता. त्यांच्या काळात डेपोत एक म्हण पडली होती, की पाटीवर काहीही असू दे, बाई म्हणतील ती गाडी. केंदूरच्या म्हाताऱ्या चष्मा नसला तरी निर्धास्त बसून राहायच्या. ड्रायव्हरनं कालची पाटी तशीच ठेवलेली असायची, फलाट बदललेला असायचा, पण माइकवरून बाईंचा आवाज आला की माणसं पिशव्या उचलायची. निवृत्तीच्या दिवशी डेपो मॅनेजरनी भाषणात सांगितलं, की बाईंच्या तोंडून तीस वर्षांत एका गाडीचं नाव चुकलं नाही. टाळ्या पडल्या. ललिताबाईंना नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ दोन वर्षांत बंद पडलं, ती गोष्ट वेगळी.

त्या खिडकीवर गाड्यांशिवाय आणखी एक चौकशी व्हायची. गाडी दीड तास उशिरा असली की बायका खिडकीशी टेकायच्या, आधी ऊन, मग गुडघे, आणि मग हमखास विचारायच्या, "बाई, लेकरं किती तुम्हाला?"

"न्हाईत."

"अगं बाई." मग कुणी डॉक्टर सांगायचं, कुणी दर्गा सांगायचं, कुणी आपल्या नणंदेला कसा दहा वर्षांनी गुण आला ते सांगायचं. ललिताबाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि माइकचं बटण दाबायच्या. "प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी." शिरूरच्या स्टँडवर ही सूचना इतक्या वेळा का होते, हे कुणालाच कधी कळलं नाही.

सरदारबींनी लसणाची सालं पदरात गोळा केली. त्या उठल्या नाहीत. "ललिता," त्या हळूच म्हणाल्या, "त्याचं बी काय तरी नाव ठिवलं व्हतं ना तू?"

"लसूण झाला का सोलून?"

"झाला. मला कधी सांगितलं न्हाईस."

ललिताबाई आरशासमोरून हलल्या आणि उगाच उद्याच्या साडीची घडी मोडून पुन्हा घातली. उभ्या शिरूरमध्ये हा प्रश्न विचारू शकणारी ही एकच बाई उरली होती. तेहेतीस वर्षांपूर्वी ते लेकरू तिनंच आंघोळ घालून, आपल्या धुतल्या ओढणीत गुंडाळून दिलं होतं.

नऊ महिने भरले होते. नाळ गळ्याभोवती बसली, आणि बाळ आलं ते न रडता. मुलगा होता. डोक्यावर दाट जावळ होतं. ललिताबाईंच्या मालकांनी, सर्जेरावांनी, स्वतः रंधा मारून फळकुटांची पेटी केली. सरदारबींचे मालक मेहमूदभाई त्यांच्याबरोबर कबरस्तानापर्यंत चालत गेले. घोड नदीच्या अंगाला, लिंबाच्या झाडाखाली जागा मिळाली. तेव्हाचे पाळक म्हातारे आणि मायाळू होते. त्यांनी प्रार्थना केली, त्यांचेही डोळे भरून आले. पण सर्जेरावांनी नावाचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सर्जेराव, गेलेल्या लेकराचा बाप्तिस्मा होत नाही, म्हणून रजिस्टरला नाव येत नाही. प्रभू त्याला ओळखतो. नाव त्याच्यापाशी राहू द्या."

बोलणं काही खोटं नव्हतं. सर्जेरावांनी ते मानलं आणि पुढे विषय काढला नाही. नाव मात्र ललिताबाईंपाशीच राहिलं. सातव्या महिन्यातच त्यांनी ते शास्त्रातून निवडून ठेवलं होतं. नाथान. पाळकांनीच एकदा उपदेशात अर्थ सांगितला होता, नाथान म्हणजे 'त्यानं दिलं'. देणारा तो, आणि दिलेलंही तेच. हे नाव त्यांनी एकदाही मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. सर्जेराव आठ वर्षांपूर्वी गेले, त्यांनाही त्या नावानं हाक मारलेली ऐकायला मिळाली नाही. पुन्हा दिवस राहिले नाहीत. आणि ज्याचं नाव रजिस्टरला नाही, त्याला मोजायचं कसं? म्हणून खिडकीवर उत्तर एकच, न्हाईत.

"नाथान," ललिताबाई म्हणाल्या. साडीकडेच बघत.

सरदारबींनी ते ऐकून घेतलं. "चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "आमच्यात म्हणत्यात, असं लेकरू जन्नतीच्या दारात उभं ऱ्हातं. आई आल्याबिगर आत जात न्हाई."

"इतकी वर्षं दारात उभं ठिवायचं व्हय लेकरू?"

"त्येला काय, गाडी लेट झाली म्हणायचं." सरदारबी गुडघ्यावर हात रोवून उठल्या. "चल, चा टाक. आन् उद्याचं नाव पाठ कर."

पाठ करण्यासारखं कारणही होतं. बाप्तिस्म्याला बाळ हातात घेऊन त्याचं नाव सांगणारी धर्ममाता होण्याचा मान ललिताबाईंना सहजासहजी मिळाला नव्हता. मोनिकाची आई सगुणाबाई कासुर्डीच्या, मनानं वाईट नव्हत्या, पण रीतीला पक्क्या. त्यांनी चार माणसांत सांगितलं होतं, की धर्ममाता लेकुरवाळी असावी, मांडीवर पोर खेळवलेली असावी. हे ललिताबाईंना कळायचं कारण नव्हतं. पण त्यांचा धाकटा भाऊ हौसराव, म्हणजे जोएलचा बाप, त्याच्या पोटात आयुष्यात एक गोष्ट राहिलेली नव्हती. त्यानं फोन करून सगळं जसंच्या तसं ऐकवलं आणि वर म्हणाला, "पर अक्का, मोनिका हटली न्हाई. म्हणली, आत्या न्हाई तर बाप्तिस्मा न्हाई."

मोनिका का हटली नाही, ते ललिताबाईंना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी मोनिकाचं पाचव्या महिन्यात लेकरू गेलं होतं. तिसऱ्या दिवसापासून लोक म्हणायला लागले, होईल परत, वय आहे अजून. तिनं जोएलला सांगून टाकलं, की मला आता परत नको. जोएल रेल्वेत, इंजिनावर. तो गाडी घेऊन सोलापूरला गेला की घरात सासरा आणि सून, आणि सासऱ्याचं एकच पालुपद, म्हातारपणी तुमच्याकडं बघायचं कुणी? शेवटी हौसरावांनी बहिणीला बोलावून घेतलं. "अक्का, तू समजाव तिला. तुझं ऐकल ती."

ललिताबाई गेल्या. जाताना मटारच्या दोन किलो शेंगा घेऊन गेल्या. स्वयंपाकघरात परात मधे घेऊन दोघी बसल्या आणि अर्धी पिशवी सोलून झाली.

"आत्या, तुम्हीबी तेच सांगायला आलात ना?"

"न्हाई. मी शेंगा सोलायला आले."

आणखी थोड्या शेंगा झाल्या. मग मोनिकानंच विचारलं, "खरं सांगा, माणसाला लेकरू कशाला पाहिजे असतं? म्हातारपणासाठी?"

"म्हातारपणाला काठी मिळती की बाजारात. लेकरू कशाला?" ललिताबाईंनी एक शेंग दोन बोटांत दाबली. "मला काय उपदेश करता येत न्हाई बघ. पर शास्त्रात लेकराला कमाई म्हटलेलं न्हाई कुठं. देणगी म्हटलंय. देणगी देणाऱ्याच्या मर्जीनं येती. कुणापाशी किती दिस ऱ्हाईल, त्येबी आपल्या हातात न्हाई. पर दिली व्हती, एवढं तर खरं? आलेलं लेकरू आलेलंच असतं, मोनिका. गेलं म्हणून आलंच न्हवतं असं व्हत न्हाई."

मोनिकाचे हात थांबले होते. तिनं ते स्वतःसाठी म्हणून ऐकलं. ललिताबाई कुणाविषयी बोलल्या, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. पुढे दीड वर्षानं मुलगा झाला, आणि दवाखान्यातून पहिला फोन तिनं शिरूरला केला.

रविवारी सकाळी साडेसहाच्या गाडीनं ललिताबाई निघाल्या. न्हावरा येईपर्यंत त्यांचे ओठ हलत होते. शेजारच्या माणसाला वाटलं, बाई जप करतायत. त्यानं आदरानं पाय आखडून घेतले.

दौंडचं ते चर्च रेल्वे कॉलनीच्या कडेला आहे. इंजिनानं शिट्टी दिली की पाळक वाक्याच्या मधे थांबतात, शिट्टी संपली की पुढचा शब्द घेतात, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आताचे पाळक तरुण होते. येऊन तीन महिने झाले होते, अजून निम्म्या मंडळीची नावं त्यांना येत नव्हती. त्यांनी उपासना चांगली चालवली. मग आईवडील आणि धर्ममायबाप यांना पुढे बोलावलं. धर्मपिता म्हणून जोएलचा मामेभाऊ उभा होता, इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला. ललिताबाईंनी बाळ हातात घेतलं. पांढऱ्या झग्यातून त्याचे पाय बाहेर आले होते. ते झोपलेलं नव्हतं. त्यांच्याकडेच बघत होतं. डोक्यावर दाट जावळ होतं.

पहिल्या रांगेत सगुणाबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या.

पाळकांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. "हे प्रभो, या कुटुंबाला तू जे पहिलं लेकरू दिलंस, त्याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो." ललिताबाईंचे डोळे मिटलेले नव्हते. बाळ हातात असताना डोळे मिटायची त्यांना भीती वाटत होती. त्यामुळे त्यांना दिसलं. 'पहिलं' या शब्दाला मोनिकानं डोळे उघडले आणि फरशीकडे पाहिलं. आणखी कुणाला ते दिसलं नाही. पाळकांचा दोष नव्हता. त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच मोजलं नव्हतं, मग ते कशाला मोजतील? ललिताबाईंच्या छातीत काहीतरी हललं. तेहेतीस वर्षं एका जागी ठेवलेली वस्तू सरकावी तसं.

प्रार्थना संपली. पाळकांनी एका हातात पुस्तक धरलं आणि दुसऱ्या हातानं माइक ललिताबाईंच्या तोंडापुढे आणला.

"या बालकाचं नाव सांगा."

माइक तोंडापुढे आला, आणि तीस वर्षांच्या सवयीनं ललिताबाईंचा कणा ताठ झाला, आवाज पोटातून आला. चर्चच्या दोन्ही कर्ण्यांतून, बाहेर चपलांपाशी उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल असा, स्वच्छ आणि ठाम.

"नाथान."

पाळकांची नजर पुस्तकावर होती. त्यांनी माइक खाली ठेवून तळहातात पाणी घेतलं. "नाथान," ते म्हणाले, आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणत तीन वेळा बाळाच्या जावळावर पाणी घातलं. बाळानं एकदा तोंड वाकडं केलं आणि मग पाणी चाटून पाहिलं. मंडळीतून कुजबुज उठली, तेवढ्यात बाहेर इंजिनानं शिट्टी दिली आणि तिच्यात ती बुडून गेली. ललिताबाईंना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं, जेव्हा हौसराव तोंडाचा आ करून उभा असलेला दिसला.

उपासना संपल्यावर पायऱ्यांवर एकच गलका झाला. सगुणाबाईंचा आवाज वर होता. "म्हटलं न्हवतं मी? अवो, एक नाव सांगायचं व्हतं. पाटीवर लिहून दिलं असतं."

"अक्का," हौसराव वातावरण हलकं करायला म्हणाला, "इथनं म्हणायचं, तर तू पार नाथाच्या दाराला पोचलीस." कुणी हसलं नाही. हौसरावांचे विनोद बहुधा वेळ चुकूनच येत.

तरुण पाळक घामाघूम झाले होते. "माझीही चूक झाली, मी नावाच्या कागदाकडे बघायला हवं होतं. पण बाप्तिस्मा एकदाच होतो, तो पुन्हा करता येत नाही. रजिस्टर अजून लिहिलेलं नाही. काय लिहायचं ते आईवडिलांनी ठरवावं, मी तसं लिहितो."

जोएल बायकोकडे बघायला लागला. बाळ रडायला लागलं होतं. "मी ह्याला पाजून येते," ती म्हणाली. "आत्या, तुम्ही चला माझ्यासंगं."

संडे स्कूलच्या खोलीत भिंतीला बुटकी बाकं लावलेली होती. मोनिका पदर घेऊन पाजायला बसली. ललिताबाई दाराशीच उभ्या राहिल्या. गेलेल्याचं नाव जित्याला लागलं, हा एकच विचार डोक्यात घुमत होता. असलं काही मानायचं नाही हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं, आणि तरी तो विचार जात नव्हता.

"मोनिका, पाळकसाहेबांना सांग ईथनच लिहायला. त्ये नाव नको ठिवू ह्येला."

"का?"

"नको म्हणते ना."

"कुणाचं नाव हाय, आत्या?"

बाहेर लोक चहाचे कप वाजवत होते. ललिताबाई बुटक्या बाकावर बसल्या, गुडघे हनुवटीशी आले. "माझ्या लेकराचं," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. दाट जावळ, सरदारबींची ओढणी, सर्जेरावांची पेटी, लिंबाचं झाड, सगळं. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. इतकी वर्षं जड वाटलेलं एवढंसंच होतं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. "मी मुद्दाम न्हाई केलं," त्या शेवटी म्हणाल्या. "पाळकांनी पहिलं लेकरू म्हटलं, तू खाली बघितलंस, आन् माझ्या तोंडातनं गेलं. सगळ्या गाड्या बरोबर पुकारल्या बघ मी. आन् घरातलीच चुकली."

मोनिका रडत होती. आवाज न करता, बाळाला धक्का लागू नये म्हणून खांदे आवरून. "मला तर नावबी ठिवू दिलं न्हाई कुणी," ती म्हणाली. "आई म्हणली, पाच म्हैन्याच्याला कुठं नाव असतं. मुलगी व्हती, आत्या. दवाखान्यातल्या बाईनी सांगितलं मला."

"मंग आता ठिव की."

"आता?"

"आता. नाव कानात सांगायचं काम आत्याचं. तू माझ्या कानात सांग. मी हाय की हितं."

आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. ख्रिस्ती घरांत बारसं नसलं तरी आत्याचा हा मान कुणी काढून घेतलेला नाही. त्या दिवशी दौंडला मात्र ते उलटं झालं. मोनिका बाळाला सांभाळत पुढे वाकली आणि तिनं आत्याच्या कानात नाव सांगितलं. ते काय होतं, ते त्या दोघींपाशी आहे आणि इथे लिहायचं कारण नाही. ललिताबाईंनी ते एकदा मनात म्हणून पाहिलं, गाडीचं नाव माइकवर घेण्याआधी म्हणायच्या तसं. मग मान हलवली. "चांगलं हाय."

चर्चच्या छोट्या कचेरीत पाळक रजिस्टर उघडून बसले होते. जोएल, हौसराव, सगुणाबाई सगळे दाटीनं उभे होते. मोनिकानं बाळ जोएलच्या हातात दिलं.

"नाथान ईथन लिहा," ती म्हणाली. "दोन्ही. घरी आम्ही ईथन म्हणू."

"अगं पर," सगुणाबाईंनी तोंड उघडलं, आणि लेकीकडे बघून मिटलं.

पाळकांनी नाव लिहिलं. वळणदार अक्षर होतं त्यांचं. धर्ममातेच्या रकान्यात ललिता सर्जेराव रणदिवे लिहिलं. मग त्यांनी दुसरी वही ओढली. "कुटुंबाच्या नोंदवहीतही लिहून घेतो. तुमचं पहिलंच अपत्य ना?"

"दुसरं," मोनिका म्हणाली.

पेन थांबलं. पाळकांनी वर पाहिलं. सगुणाबाईंनी लेकीकडे पाहिलं आणि त्यांची हाताची घडी आपोआप सुटली. जोएल बाळाच्या टाळूकडे बघत उभा होता. दोन वर्षांत तो या विषयावर एक शब्द बोललेला नव्हता. इंजिनावरचा माणूस, त्याला पुढे बघायचीच सवय.

"दुसरं, पाळकसाहेब," तो म्हणाला. "पहिली मुलगी व्हती आमाला."

पाळकांनी दोनचा आकडा लिहिला, वरच्या ओळीत जागा मोकळी सोडली आणि वही मोनिकाकडे फिरवली. मोनिकानं स्वतःच्या हातानं त्या ओळीत नाव घातलं. सगुणाबाई चष्मा शोधत होत्या. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

जेवणं झाली. निघताना सगुणाबाईंनी ललिताबाईंच्या पिशवीत चार लाडू जास्त घातले. त्यांच्याकडून तेवढीच माफी यायची होती आणि ती पुरेशी होती. जोएलनं मोटरसायकलवरून आत्याला स्टँडवर सोडलं. शिरूरची, जुन्या माणसांच्या तोंडी घोडनदीची, गाडी लागलेली होती, पाटी भलत्याच गावाची होती. ललिताबाईंनी कंडक्टरला विचारून खात्री करून घेतली, आणि उन्हाच्या विरुद्ध बाजूची खिडकी धरली.

गाडी गावाबाहेर पडली. शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली, कपाळ गोंदलेली एक म्हातारी बसली होती, मांडीवर बाजाराची पिशवी. ती न्हावऱ्याला उतरणार होती. तिनं आधी ऊन काढलं, मग गुडघे. ललिताबाईंना पुढचा प्रश्न ठाऊक होता. आज हाताशी माइक नव्हता.

"बाई, लेकरं किती तुमाला?"

खिडकीतून उसाचे फड मागे जात होते. ललिताबाईंनी पिशवीतला एक लाडू काढून म्हातारीच्या हातावर ठेवला.

"एक," त्या म्हणाल्या. "मुलगा. नाथान नाव."

"बरं झालं बया. मंग आईला एकटं सोडलं व्हय? संगं न्हाई आला?"

"न्हाई. आधीच्या गाडीनं गेला."

म्हातारीनं लाडू मोडून तोंडात टाकला आणि समजुतीनं मान हलवली. "आजकालची पोरं कुठं थांबत्यात आईसाठी. पर उतरून घ्यायला यील की स्टँडावर."

"व्हय," ललिताबाई म्हणाल्या. "उभा असंल."

कंडक्टर तिकिटाचा चिमटा वाजवत जवळ आला. त्यांनी सुटे पैसे काढून ठेवलेलेच होते.

"एक घोडनदी," त्या म्हणाल्या.